पिंजरा सोन्याचाच का?

हिल्डे ब्रूख यांचं ‘द गोल्डन केज’ हे पुस्तक १९७८ साली आलं. दीड-एकशे पानांचं, सामान्य वाचकासाठी लिहिलेलं. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या आजाराबद्दल लोकांना आज जे ‘माहीत असतं’, त्यातलं बरंचसं या पुस्तकातून झिरपत आलंय. ज्यांनी पुस्तकाचं नावही ऐकलेलं नाही, त्यांच्यापर्यंतसुद्धा. करून बघा: डोळे मिटा आणि हा आजार झालेली व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. गोरी, सतरा-अठरा वर्षांची, पैसेवाल्या घरातली, अभ्यासात पहिली, आरशासमोर उभी राहून बरगड्या मोजणारी मुलगी दिसली ना? तुम्ही ठाण्याहून न्यू जर्सीला शिकायला आलेले असा किंवा लेस्टरमध्येच जन्मलेले असा, चित्र बहुधा हेच असणार.

मला त्या पुस्तकाबद्दल बोलायचंय आणि त्या चित्राबद्दलही. पुस्तक मोलाचं आहे, अजूनही वाचावं असं. पण ते ‘हा आजार कुणाला होतो’ या प्रश्नाचं जे उत्तर देतं, ते खरं तर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे: माझ्या दवाखान्यात कोण आलं? या दोन प्रश्नांची गल्लत झाली की काय होतं, ते बघायचंय.

आधी पुस्तकाचं देणं मान्य करू. ब्रूख जर्मन ज्यू. जन्म १९०४चा, शिक्षण डॉक्टरकीचं. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला आणि इंग्लंडमार्गे अमेरिका गाठली. सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये लठ्ठ मुलांवर काम केलं, पुढे ह्यूस्टनला बेलर वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराच्या प्राध्यापक झाल्या. न जेवणाऱ्या मुलीला ‘हट्टी’ किंवा ‘नखरेल’ म्हणून निकालात काढण्याच्या काळात त्यांनी तिच्याशी तासन् तास बोलायचं ठरवलं, आणि ती काय म्हणते ते लिहून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की या आजारात अन्न हे रणांगण आहे, भांडणाचं कारण नाही. आयुष्यातलं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलेलं असताना एक तरी गोष्ट पूर्णपणे आपल्या ताब्यात असावी, अशी ती धडपड असते. ज्या मुलाला भूक लागलीय की नाही हे कायम आईवडीलच ठरवतात, त्याला पुढे स्वतःच्या भुकेचा आवाजच ओळखता येत नाही, असंही त्या लिहितात. ‘थंडी वाजतेय मला, स्वेटर घाल तू’ या थाटाच्या मराठी आयांच्या हाताखाली वाढलेल्या कुणालाही हे प्रकरण वाचताना जरा हसू येईल आणि जरा पोटात कालवेल. (आईबापांवर इतकं खापर फोडणं आजच्या संशोधनाला मान्य नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडलेल्या उपचारपद्धतीत तर किशोरवयीन रुग्णाला बरं करण्याचं काम मुख्यतः आईवडिलांच्याच हाती दिलं जातं.)

‘अ‍ॅनोरेक्सिया’चा शब्दशः अर्थ भूक मेलेली असणं. पण या आजारात सहसा भूक मरत नाही. भुकेला दाबून टाकलेलं असतं, आणि त्या दाबण्यात दिवसाचा प्रत्येक तास जातो. आपल्याकडे काही लेखांत ‘क्षुधानाश’ असा प्रतिशब्द दिसतो. मूळ नावातली चूक त्यात जशीच्या तशी उतरलीय.

आता चित्राकडे वळू. प्रस्तावनेतच ब्रूख म्हणतात, की नवा आजार मुळात दुर्मीळ. त्यात नेमका तरुण, श्रीमंत आणि सुंदर मुलींनाच गाठणारा आजार तर कुणी ऐकलेलाही नसेल. सुस्थित, सुशिक्षित, यशस्वी घरांतल्या मुलींचा हा आजार, अशी मांडणी. पुस्तकाच्या नावातला सोन्याचा पिंजरा इथलाच.

पण मागच्या नोंदी काय सांगतात? लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्यानं १६८९ मध्ये क्षयरोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात क्षय नसताना, ताप नसताना, मनाच्या अवस्थेमुळे झिजत जाणाऱ्या दोन रुग्णांच्या हकिगती आहेत. या आजाराच्या इतिहासात त्या पहिल्या वैद्यकीय नोंदी मानल्या जातात. एक अठराव्या वर्षातली मुलगी. तिनं औषध नाकारलं आणि ती दगावली. दुसरा सोळा वर्षांचा मुलगा, एका धर्मोपदेशकाचा. त्याला मॉर्टननं अभ्यास बंद करून खेड्यातल्या हवेत जायला, घोड्यावर बसायला आणि दूध प्यायला सांगितलं आणि तो बराचसा सुधारला. म्हणजे पहिल्या दोन रुग्णांत एक मुलगा. १८७४ मध्ये ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ करणाऱ्या विल्यम गल यांनी रुग्ण म्हणून मुलीच दाखवल्या, पण त्याच वयाच्या पुरुषांतही आपण हे अधूनमधून पाहिलंय, असं एक वाक्य टाकलं. आणि खुद्द ब्रूख? त्यांनी १९७१ मध्ये पुरुषांमधल्या अ‍ॅनोरेक्सियावर एक स्वतंत्र शोधनिबंध लिहिला होता! डॉक्टरांसाठी लिहिताना त्यांना मुलगे दिसत होते. सात वर्षांनी जनतेसाठी पुस्तक लिहिलं, तेव्हा मुखपृष्ठामागे उरल्या त्या ‘श्रीमंत घरच्या लेकी’.

का, याचं उत्तर फार गूढ नाही. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेत महिनोन् महिने चालणारा मानसोपचार कुणाला परवडत होता? मुलगी जेवत नाही म्हणून तिला नामांकित तज्ज्ञाकडे नेणारे आईबाप कोण होते? दवाखान्याचं दार ही एक चाळणी असते. चाळणीतून जे खाली आलं त्यावरून कोठारात काय आहे ते सांगायला गेलात, तर तुम्ही चाळणीच्या भोकांचं माप सांगता, धान्याचं नाही. त्यात हे चित्र एकदा रुजलं की पुढचे डॉक्टर त्या चित्राप्रमाणेच संशय घेतात, तशाच मुली पुढे पाठवल्या जातात, आणि आकडे चित्राला दुजोरा देतात.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे दवाखान्यात न जाता लोकांच्या घरी जाऊन विचारणं. अमेरिकेत असं दोनदा मोठ्या प्रमाणावर झालं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी अ‍ॅनोरेक्सिया झालेल्यांचं प्रमाण स्त्रियांत ०.९ टक्के आणि पुरुषांत ०.३ टक्के निघालं, म्हणजे साधारण दर चार रुग्णांत एक पुरुष. लेखांमधून, व्याख्यानांमधून फिरणारा ‘चारात एक’ हा आकडा इथून आला. मग २०१८ मध्ये छत्तीस हजारांहून अधिक प्रौढांवर आधारलेला दुसरा अभ्यास आला: स्त्रिया १.४२ टक्के, पुरुष ०.१२ टक्के. म्हणजे बारा रुग्ण स्त्रियांमागे एक पुरुष. एकच देश, एकच आजार, आणि उत्तर तिप्पट-चौपट बदललं!

पहिल्या सर्वेक्षणात खाण्याच्या विकारांचे प्रश्न तीन हजारांहून थोड्या कमी लोकांनाच विचारले गेले होते. त्यातल्या पुरुषांचे ०.३ टक्के म्हणजे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं. एक-दोघं इकडचे तिकडे झाले की टक्केवारी उड्या मारते. त्यामुळे ‘चारात एक’ हा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर जरा थांबा. आणि ‘पुरुषांना हा होतच नाही’ असं कुणी म्हटलं तर अजिबात थांबू नका, पुढे जा. बायकांमध्ये हा आजार खरोखरच जास्त आहे, सगळे अभ्यास तेच सांगतात. सर्वाधिक नवे रुग्ण पंधरा ते एकोणीस या वयातल्या मुलींत सापडतात. ब्रूख तिथे चुकलेल्या नाहीत. पण शंभरात एक हे प्रमाण धरलं, तरी एखाद्या मध्यम आकाराच्या विद्यापीठात किती मुली होतात ते तुम्हीच मोजा. या सगळ्या श्रीमंत, गोऱ्या आणि पहिल्या नंबरच्या असणं शक्य आहे का?

मग आपल्यासारख्यांचं काय? इथे मला इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातला एक अभ्यास सगळ्यात बोलका वाटतो. ममफर्ड आणि व्हाइटहाउस या दोघांनी १९८८ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. शाळांमधल्या २०४ आशियाई आणि ३५५ गोऱ्या मुली. अपेक्षा अशी, की हे सगळं गोऱ्यांचं दुखणं. निघालं उलटंच: भरमसाट खाऊन मग ते शरीराबाहेर काढण्याचा विकार, म्हणजे बुलिमिया, आशियाई मुलींत ३.४ टक्के आणि गोऱ्या मुलींत ०.६ टक्के. अ‍ॅनोरेक्सियाची एकच मुलगी सापडली, आणि ती आशियाई.

यावर अनेकांची पहिली प्रतिक्रिया अशी, की बरोबरच आहे, तिकडे जाऊन ‘वेस्टर्न’ झाल्या पोरी. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात काका-काकू जे म्हणतील तेच. पण पुढच्या अभ्यासात, १९९१ मध्ये, संशोधकांनी नेमकं हेच तपासलं, आणि खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण मिळवणाऱ्या मुली जास्त पारंपरिक घरांतल्या निघाल्या. घरी मातृभाषा, पोशाख तिकडचा. या मुली बहुतेक पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांतल्या होत्या, त्यामुळे निष्कर्ष उचलून थेट दादर-पुण्याच्या घरांवर चिकटवू नये. पण एक गोष्ट त्यातून पक्की कळते: ‘आपली संस्कृती’ ही या आजाराविरुद्धची लस नाही. उलट घर आणि शाळा यांच्यात रोज दोन जगं बदलणाऱ्या मुलीला आपल्या ताब्यात काय आहे हा ब्रूखबाईंचा प्रश्न जास्तच टोचत असेल. गंमत बघा, ब्रूख यांचा सिद्धान्त ब्रॅडफर्डच्या मुलींना बरोबर लागू पडतो. त्यांचं चित्र मात्र त्या मुलींना चौकटीबाहेर ठेवतं.

आणि नेमका आरसाच नसेल तर? हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये आपल्या ७० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ४१ जणांना जाड होण्याची भीतीच नव्हती. ‘पोट फुगल्यासारखं वाटतं’, ‘भूक नाही’, ‘जात नाही’ अशी कारणं ते देत होते, आणि वजन घसरतच होतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच भारतीय तरुणींची हकिगत लिहिली: जेवण नाकारणं, उलट्या, वजन खूप उतरलेलं, पाळी थांबलेली, पण ‘मी जाड दिसते’ ही तक्रार नाही. पाठ्यपुस्तकाप्रमाणे जाडीची भीती हा आजाराचा गाभा. मग हे काय होतं? एक बाजू म्हणाली, हा वेगळाच आजार. दुसरी म्हणाली, आजार तोच, पण रुग्ण त्याला आपल्या भाषेतलं कारण देतो. मी दुसऱ्या बाजूची आहे. उपाशी राहण्याचं कारण माणूस आपल्या आसपास मान्य असलेल्या कारणांमधूनच निवडतो. मध्ययुगीन युरोपात ते कारण देव होता, १९७८च्या अमेरिकेत सडपातळपणा, हाँगकाँगमध्ये पोट. आपल्याकडे ‘पित्त होतं मला’ या तीन शब्दांवर एखादी मुलगी वर्षभर रात्रीचं जेवण टाळू शकते, आणि आजी तिला कोकम सरबत करून देईल. २०१३च्या अमेरिकन निदानपुस्तिकेनं निकष थोडा सैल केला: भीती बोलून दाखवली नाही तरी वजन वाढू न देणारं वागणं सतत दिसत असेल, तर ते पुरेसं धरलं जातं. त्याच वेळी पाळी थांबण्याची अटही काढून टाकली. पुरुषांना ती तशीही लागू नव्हतीच.

उलट बाजूनेही फसायला होतं. किंग आणि भुग्रा यांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना पाश्चात्त्य प्रश्नावली भरायला दिली, आणि आजार असावा अशी शंका येण्याइतके गुण भलत्याच संख्येनं मुलींना मिळाले. नीट पाहिल्यावर कळलं, की काही प्रश्न धार्मिक आणि सामाजिक चालीरीतींमुळे वेगळ्याच अर्थानं वाचले गेले होते. भूक लागली असताना तू खाणं टाळतेस का? चतुर्थी करणारी कुठलीही मुलगी या प्रश्नाला ‘हो’ म्हणेल. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही आपली म्हण प्रश्नावली बनवणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही, साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी तर नाहीच. म्हणजे आपल्यात आजार नसताना तो दिसू शकतो आणि असताना उपवासाच्या आड लपूही शकतो. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असे वार जोडत जाणाऱ्या, खिचडीही ‘तेलकट’ म्हणून नाकारणाऱ्या मुलीला घरातलं कुणी अडवत नाही. देवाचं करते हो पोर, असंच म्हणतात.

मुळात बारीक असणं आपल्याकडे खटकतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या होत्या. बहुतेकींच्या बाबतीत कारण गरिबी, वाटणीला आलेलं कमी अन्न, शेवटी जेवण्याची रीत. अशा गर्दीत जी मुलगी स्वतःहून जेवत नाही ती कुणाला वेगळी कशी दिसणार? दुसऱ्या टोकाला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आहे. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. मधुमेहाच्या संदर्भातलं हे काम, पण धडा इथेही लागू: वजनाच्या तक्त्यातला एक आकडा सगळ्या शरीरांबद्दल सारखंच बोलत नाही.

आणि आकड्यावरच अडून बसणं धोक्याचं आहे. आज ‘अटिपिकल’ अ‍ॅनोरेक्सिया म्हणून जे ओळखलं जातं, त्यात बाकी सगळी लक्षणं तीच, फक्त खूप वजन उतरूनही माणूस ‘नॉर्मल’ पट्ट्यातच असतो, कारण सुरुवात वरून झालेली असते. हृदयाचे ठोके मंदावणं, रक्तदाब घसरणं हे त्यांच्यातही होतं. फरक इतकाच, की लग्नात भेटणारी प्रत्येक बाई त्यांना ‘काय मस्त बारीक झालीस गं, काय केलंस?’ असं विचारते. मुलग्यांचं तर कौतुक जिममध्येच होतं.

डॉक्टरांना तरी कळतं का? २००६ मधल्या एका अमेरिकन प्रयोगात तज्ज्ञांना एका मुलीच्या खाण्याची तीच हकिगत वाचायला दिली, फक्त तिचा वंश बदलला. मुलगी गोरी असताना ४४ टक्के तज्ज्ञांना तिचं वागणं काळजीचं वाटलं, हिस्पॅनिक असताना ४१, आणि कृष्णवर्णीय असताना फक्त १७. आधीच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की अल्पसंख्याक रुग्णांना डॉक्टर खाण्याबद्दल विचारतच कमी. सोन्याचा पिंजरा त्या तज्ज्ञांच्या डोळ्यांत बसलेला होता, दुसरं काय.

म्हणून ‘सगळ्यांना सारखाच होतो’ असं म्हणायचं का? नाही. कुरासाव बेटावर नव्वदच्या दशकात केलेल्या पाहणीत बहुसंख्य कृष्णवर्णीय लोकांत एकही रुग्ण सापडला नाही, तर मिश्र आणि गोऱ्या अल्पसंख्याकांत प्रमाण अमेरिका-नेदरलँड्सइतकं होतं. अमेरिकेतल्या वर सांगितलेल्या २०१८च्या अभ्यासातही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांत प्रमाण कमी आलं. २०११च्या एका अभ्यासात मात्र वंशावंशांत फरक दिसला नव्हता, उपचार घेण्यात दिसला होता. आनुवंशिकतेवरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास २०१९चा, जवळपास सतरा हजार रुग्णांचा. आणि ते सगळे युरोपीय वंशाचे. चाळणीची भोकं अजून तीच आहेत.

यात अडकलेलं काय आहे, तेही सांगते. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण समवयस्कांच्या जवळपास सहापट निघालं. त्या मृत्यूंपैकी पाचांत एक आत्महत्या होती. इतका जीवघेणा मानसिक आजार क्वचितच असेल.

तर ‘द गोल्डन केज’ मिळालं तर वाचा, विशेषतः त्या मुली स्वतःबद्दल जे बोलतात तो भाग. चित्र तेवढं बाजूला ठेवा. आणि स्वतःबद्दल किंवा रूममेटबद्दल शंका आली, तर डॉक्टरसमोर फक्त ‘मी बारीक झालेय’ किंवा ‘माझं जेवण कमी झालंय’ असं सांगू नका. सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं आणि आज किती आहे, चक्कर येते का, थंडी जास्त वाजते का, पाळी चुकली असेल तर कधीपासून, दिवसातला किती वेळ खाण्याच्याच विचारात जातो, ते सांगा. महिन्यातले उपवास मोजून सांगा, आणि त्या दिवशी काय खाता तेही. समोरच्याला एकादशी म्हणजे काय ते माहीत नसतं.